इंद्रभुवन नंतर, आधी एक खिडकी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 43. वडिलांचं सोलापूरच्या साखर पेठेतलं घर रिकामं करताना माळ्यावर लहानपणची लेगोची, म्हणजे एकमेकांवर घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची, पेटी सापडली. पांढरे ठोकळे पिवळे पडलेत, मधेमधे कुठल्या तरी स्वस्त कंपनीचे तुकडे मिसळलेत. शाळा सुटल्यापासून हात लावलेला नाही. आता सोलापुरातल्या इंद्रभुवनची, म्हणजे त्या कमानी-खांबांच्या जुन्या दगडी इमारतीची, प्रतिकृती करावी असं मनात आहे, आणि सुरुवातीला हात बसावा म्हणून वीस-पंचवीस हजारांचा एखादा मोठा सेट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: "या वयात हे बरं दिसतं का?"

आधी त्या शेवटच्या ओळीचं बोलू. बरं दिसतं. लहानपणी ठोकळे सुटतात आणि तिशी-चाळिशीत परत हातात येतात, हे इतक्या जणांचं होतं की मधल्या कोरड्या वर्षांना या छंदातले लोक 'डार्क एजेस' म्हणतात, म्हणजे अंधारयुग. 2020 पासून तर कंपनीच मोठ्यांसाठीच्या सेटच्या खोक्यावर 18+ छापते. माझं अंधारयुग 24 वर्षांचं होतं आणि ते संपलं त्याला 11 वर्षं झाली. पहिले काही महिने मीही घरी आलेल्यांना सांगायचो की हे मुलीसाठी आणलंय. एकदा तीच पाहुण्यांना म्हणाली, "हे बाबांचं आहे, मला एक कोपरा दिलाय त्यांनी." त्या दिवसापासून मी लपवणं सोडलं आणि फार मोकळं वाटलं. घरच्यांना आपल्या खेळण्याचा त्रास नसतो, पसाऱ्याचा असतो. त्यावर उपाय आहे, पुढे सांगतो.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही सेट कोणता घ्यावा असं विचारलंय, पण तुमच्या मनात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. सेट बांधणं म्हणजे पुस्तिकेत दाखवलंय तसं पानापानाने जाणं. त्यात आनंद आहे, मीही वर्षातून एखादा बांधतो. पण त्यात काय ठेवायचं, काय सोडायचं, हा निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. डोळ्यासमोरची इमारत बांधायची तर तो निर्णय तुमचा असतो, आणि ते मोठ्या सेटने शिकवलं जात नाही. मी परतलो तेव्हा आधी मोठाच सेट घेतला होता. अकरा रात्री रमलो. बाराव्या रात्री तो कपाटावर चढला, आणि मी रिकाम्या टेबलासमोर बसून राहिलो. हात भराभर चालत होते, पण स्वतःचं काय बांधायचं ते सुचेना. तुम्ही ते पैसे आत्ताच घालवू नका.

तुमची खरी अडचण ठोकळे कमी असण्याची नाही, मापाची आहे. इंद्रभुवन कोणत्या मापात बांधायचं हे ठरलं की कोणते ठोकळे लागतील, किती लागतील, कुठे ठेवायचं, किती खर्च येईल, या सगळ्याची उत्तरं आपोआप यायला लागतात. आणि माप कागदावर ठरत नाही, एक खिडकी बांधून ठरतं.

हे मी माझ्या धंद्यातून शिकलो. मी चादरींच्या डिझाईनचं काम करतो. सुरुवात केली तेव्हा पूर्व भागातल्या एका कारखान्यात ग्राफ पेपरवर चौकट चौकट रंगवायचो आणि त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्रणेची, कार्डं पंच व्हायची. आता ते कॉम्प्युटरवर होतं, पण डोकं तेच लागतं. नवीन डिझाईन आलं की कोणी थेट अख्खी चादर विणायला घेत नाही. आधी डिझाईनचा एक तुकडा विणून पाहतात, मागावरून उतरवतात, दाराच्या उजेडात धरतात. मोराची मान जाड आली, पाकळीची कड दातेरी दिसली, तर तिथेच सुधारतात. इमारतीचं तसंच करायचं. खिडकी हा तुमचा तो तुकडा.

माप ठरवताना तीन-चार आकडे पाठ हवेत. ठोकळ्याच्या वरच्या गोल टोकांना स्टड म्हणतात, आमच्या घरी आम्ही बटण म्हणतो. एका बटणापासून शेजारच्या बटणापर्यंत 8 मिलिमीटर. नेहमीच्या ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर. पातळ ठोकळ्याला प्लेट म्हणतात, ती 3.2 मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. हे माप 1958 पासून बदललेलं नाही. तुमच्या माळ्यावरचा ठोकळा आज दुकानातून आणलेल्या ठोकळ्यावर घट्ट बसेल.

आता समजा, इमारतीचा एक भाग 30 मीटर रुंद आहे. लेगोचा माणूस साधारण 4 सेंटिमीटर उंच असतो. त्याला शोभेल अशी इमारत करायची तर माप साधारण 1:42 येतं. मग 30 मीटरचे झाले 71 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 89 बटणं. 1:100 घेतलं तर 30 सेंटिमीटर, सदतीस-अडतीस बटणं. 1:250 घेतलं तर 12 सेंटिमीटर, फक्त 15 बटणं. ही रुंदी झाली. भिंतीला लागणारे ठोकळे रुंदी गुणिले उंचीने वाढतात, म्हणून माप दुप्पट केलं की ठोकळे चौपट लागतात. 1:100 वरून 1:42 वर गेलात तर जवळजवळ सहापट. माणसाच्या मापात इंद्रभुवन बांधायला निघालेला माणूस तळमजल्याच्या अर्ध्यात थांबतो तो आळसामुळे नाही. हा हिशेब आधी कोणी मांडून दाखवलेला नसतो.

पण उलट बाजूही आहे. 2.1 मीटरचं दार 1:250 मध्ये 8.4 मिलिमीटरचं होतं, म्हणजे एका ठोकळ्याहून थोडं कमी. तिथे कमान काढता येत नाही, नुसती सुचवता येते. इंद्रभुवनची शोभा तर कमानी, खांब आणि नक्षीतच आहे. म्हणून खरा प्रश्न असा की कमान कमान म्हणून ओळखू येईल असं सगळ्यात लहान माप कोणतं. याचं उत्तर माझ्याकडून घेऊ नका. ते तुमच्याकडे कोणते तुकडे आहेत आणि घरात जागा किती आहे यावर ठरेल. माझा अंदाज 1:100 च्या आसपासचा आहे, तोही फक्त समोरच्या दर्शनी बाजूसाठी. मागची बाजू सपाट ठेवून ती भिंतीला टेकवायची. चारही बाजू बांधल्याच पाहिजेत असं काही नाही.

माप काढायला इमारतीवर टेप घेऊन चढायची गरज नाही. सकाळी जाऊन एखाद्या दाराजवळ घरच्या माणसाला उभं करा आणि अगदी समोरून फोटो काढा. माणसाची उंची तुम्हाला माहीत आहे. फोटोत तो किती मिलिमीटर आणि दार किती, हे पट्टीने मोजलं की बाकी सगळं त्रैराशिक.

आता खिडकी. एकच खिडकी घ्या आणि ती तीनदा बांधा. पहिली, चौकट आणि भिंत एका पातळीत. दुसरी, चौकट अर्धं बटण आत, म्हणजे 4 मिलिमीटर. तिसरी, पूर्ण एक बटण आत, म्हणजे 8 मिलिमीटर. अर्ध्या बटणासाठी एक छोटा तुकडा मिळतो, त्याचं नाव जम्पर प्लेट. दोन बटणांच्या लांबीची प्लेट असते, पण वर बटण एकच, अगदी मध्यावर. नवखा माणूस तो भिंतीच्या लांबीत लावतो आणि खिडकी डाव्या-उजव्या बाजूला सरकते. तो आडवा फिरवून एक टोक घरात आणि एक टोक रस्त्याकडे असा लावायचा, मग खिडकी आत जाते. त्यासाठी त्या जागी भिंत दोन बटणं जाड ठेवावी लागते. तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा, संध्याकाळी पाचला खोलीच्या खिडकीत न्या, तिरकं ऊन पडू द्या आणि दहा फुटांवरून बघा. पहिली खिडकी दिसतच नाही, नुसता रंगाचा डाग वाटतो. दगडी इमारत आपल्याला सावल्यांमुळे दगडी वाटते, रंगाने नाही. दुसरी आणि तिसरी यांत कोणती चांगली हे मापावर अवलंबून आहे. पण एकदा डोळ्यांनी हा फरक पाहिला की तुम्ही पुस्तिकेच्या पुढे गेलात असं समजा. मी तरी तिथेच गेलो.

कमानीचे तयार तुकडे मिळतात. ते नसतील तर उलट्या उताराचे दोन तुकडे समोरासमोर लावून कमान होते, थोडी टोकदार येते, पण लांबून चालते. आणखी बारीक काम हवं असेल तर ठोकळे आडवे लावायला शिकावं लागतं. काही ठोकळ्यांना बाजूलाही बटण असतं, त्यावर प्लेट उभी बसते. इथे एक आकडा कायम उपयोगी पडतो: पाच प्लेटची उंची म्हणजे बरोबर दोन बटणांची रुंदी, दोन्ही 16 मिलिमीटर. हा मेळ जमला की आडवं काम उभ्या भिंतीत फट न पडता बसतं.

याच आकड्यामुळे कागदावर काढलेलं चित्र फसतं, तेही सांगतो. समजा तुम्ही शाळेच्या चौकटीच्या वहीवर दर्शनी भाग काढला, एक चौकट म्हणजे एक प्लेट धरून. बांधल्यावर इमारत बसकी आणि रुंद दिसेल, कारण एक बटण रुंद प्लेटची कड चौरस नसते, 8 रुंद आणि 3.2 उंच असते. चादरीत हेच उलट होतं. इंचात उभे धागे 40 आणि आडवे 24 असतील आणि डिझाईन चौरस चौकटीवर काढलं, तर विणून येणारा मोर लांबुळका होतो. म्हणून आम्ही धाग्यांच्या हिशेबाचा ग्राफ वापरतो. तुम्हीही आडवी चौकट 10 मिलिमीटर आणि उभी 4 मिलिमीटर असा कागद आखून घ्या. पाचास दोन हेच प्रमाण येतं. एक आखला की झेरॉक्सवर दहा कागद होतील. नंतरचा बराच मनस्ताप वाचेल.

खिडकीच्याही आधी, पहिल्या संध्याकाळी, एक गोष्ट करून बघा. दोन गुणिले चार बटणांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे घ्या. ते एकमेकांवर किती वेगवेगळ्या प्रकारे बसतात ते शोधा. उत्तर 24 आहे. मुद्दाम आधी सांगितलं, कारण आकडा माहीत असूनही 24 सापडत नाहीत, सतरा-अठरावर माणूस अडतो. माझी मुलगी आणि मी एक अख्खी संध्याकाळ यात घालवली आणि शेवटचे दोन तिने शोधले. तिसरा ठोकळा घेतला की हा आकडा 1,060 होतो. सहा घेतले तर 91 कोटींच्या वर. तेव्हा पेटीत ठोकळे कमी आहेत ही खंत सोडा. चाळिशीनंतर बोटं थोडी मंदावलेली असतात, ती दोन दिवसांत सुटतात. सवय जाते ती पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघायची, आणि हा खेळ ती परत आणतो.

आता पेटीकडे वळू. सगळं एकदम धुवायला काढू नका. मोठ्या परातीत थोडं थोडं ओता. परातीला काठ असतो, तुकडे घरंगळत नाहीत, आणि जेवायची वेळ झाली की परात तशीच दिवाणाखाली सरकवता येते. पसाऱ्यावरचा उपाय म्हटलं होतं तो हाच. आमच्याकडे आजही दोन पराती ठोकळ्यांच्या आहेत. एवढ्याने घरातली कुरबूर थांबली.

वर्गवारी आकारानुसार करा, रंगानुसार नाही. मी रंगाने केली होती, कारण सूत रंगाने लावायची सवय. सगळे लाल एका डब्यात टाकले की त्यातला एक बटणाचा लाल तुकडा सापडत नाही. पण सगळ्या एक बटणाच्या तुकड्यांत लाल मात्र चटकन दिसतो. डोळा रंग आधी पकडतो, आकार नंतर. डबे विकत आणायची गरज नाही, मिठाईचे पारदर्शक डबे चालतात. उजेडाचंही बघा. पिवळट बल्बखाली काळा आणि गडद करडा सारखाच दिसतो. पांढऱ्या उजेडाचा टेबल लॅम्प घ्या, आणि जवळचा चष्मा लागला असेल तर तोच लावून बसा.

वर्गवारी करताना परक्या कंपनीचे तुकडे बाजूला काढा. खऱ्या लेगोच्या प्रत्येक बटणावर नाव कोरलेलं असतं, बोटाने जाणवतं. मी त्या तुकड्यांना नावं ठेवणार नाही, आपल्या पिढीतल्या अनेकांचं लहानपण त्यांच्यावरच गेलं. पण ते मिसळू नयेत, आणि त्याचं कारण साधा हिशेब आहे. लेगोचे साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही काटेकोर असतात. दुसरा ठोकळा फक्त 0.05 मिलिमीटर मोठा असला तरी एकटा असताना व्यवस्थित बसतो. असे 30 एका रांगेत लावले की दीड मिलिमीटर जास्तीचे होतात आणि भिंत पोटातून फुगते. तपासायचं तर दोन्हींचे दहा-दहा ठोकळे एकावर एक रचून शेजारी उभे करा. उंचीत फरक दिसला तर ते तुकडे फक्त आतल्या भरावासाठी, चौथऱ्याच्या पोटात, जिथे लांब रांग नाही तिथे वापरा. नवीन घ्यायचे झाले आणि खिशाला परवडत नसेल, तर एकाच देशी कंपनीचे घेऊन पूर्ण मॉडेल त्यांतच करा. त्यात कमीपणा नाही. लेगोच्याच सेटची हुबेहूब नक्कल करून खोक्यात घालून विकतात ते मात्र मी घेत नाही. त्यात कोणा डिझाईन करणाऱ्याची मेहनत उचललेली असते, आणि आमच्या धंद्यात ते दुःख मी जवळून पाहिलंय.

धुण्याबद्दल. कोमट पाणी, 40 अंशांच्या आत, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं असतं, ते नको. सकाळचं घ्या. कांदे-बटाट्याच्या जाळीच्या पिशवीत ठोकळे भरून बादलीत खळबळा. मोटर, स्टिकर, छापील चित्र असलेले तुकडे वेगळे ठेवा, ते नुसते ओल्या फडक्याने पुसा. बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे क्षाराचे डाग राहतात, म्हणून शेवटचं विसळणं पिण्याच्या पाण्यात करा. वाळवायचे पंख्याखाली, जुन्या टॉवेलवर, बटणं खाली करून, म्हणजे पोकळीतलं पाणी सुकतं. उन्हात अजिबात नाही. 1963 पासून हे ठोकळे एबीएस प्लास्टिकचे आहेत, आणि ऊन आणि हवा लागून पिवळं पडणं हा त्या प्लास्टिकचा स्वभाव आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून पांढरे करतात, होतातही. पण काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो, म्हणून मी ते करणं सोडलं.

उष्णता हा सोलापूरकरांचा खास विषय. पारा 43-44 ला गेला तरी खोलीत ठोकळ्यांना काही होत नाही. पत्र्याखालचा माळा आणि बंद गाडी या दोन जागा मात्र टाळा. मी एकदा नातेवाइकांना दाखवायला एक पूल गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवला आणि भर एप्रिलात दोन तास गाडी उन्हात उभी राहिली. लांब प्लेटना जो बाक आला तो आजतागायत गेला नाही. तुमची पेटी इतकी वर्षं माळ्यावर होती, तर लांब प्लेट एकेक करून काचेवर ठेवून बघा, डुगडुगते का. डुगडुगणारी भिंतीत चालते, पायाला नको. आणखी एक. 2000 नंतरच्या दशकातले तपकिरी आणि गडद लाल ठोकळे ठिसूळ निघतात. सोडवताना कडकन मोडतात. तुमचे त्याआधीचे असतील, पण कोणाकडून जुने घेतलेत तर या रंगांकडे लक्ष ठेवा. दाताने ठोकळे सोडवायची लहानपणची सवयही परत आणू नका. त्यासाठी एक छोटं अवजार मिळतं, ब्रिक सेपरेटर. बऱ्याच सेटमध्ये ते आयतंच येतं.

करड्या रंगाची एक गंमत आधीच माहीत असलेली बरी. 2004 च्या सुमारास कंपनीने करडे रंग बदलले. जुना करडा थोडा पिवळसर-हिरवट आहे, नवा निळसर. तुमच्या पेटीतला करडा आणि आता विकत घ्याल तो, दोन्ही एका भिंतीत लावले की ठिगळ दिसेल. दगडी इमारत करणार आहात म्हणून मुद्दाम सांगतो. खिडकी बांधताना हेही कळून जाईल.

मग विकत काय घ्यायचं? खिडकी जमेपर्यंत काहीच नाही. जमल्यावर क्रिएटर मालिकेतला एखादा थ्री-इन-वन सेट घ्या, लहानसा, शक्यतो घराचा. एकाच तुकड्यांतून तीन वेगळ्या इमारती, तीन पुस्तिका. एक बांधायची, मोडायची, दुसरी बांधायची. पहिल्या इमारतीत छत असलेला तुकडा दुसऱ्यात पायरी होतो, हे हातांनी अनुभवलं की तुकड्याकडे बघायची नजर बदलते. मोठ्या सेटच्या किमतीच्या थोड्याशा भागात हे शिक्षण मिळतं. सुटे तुकडे हवे असतील तर ब्रिकलिंक नावाचा बाजार आहे. 2000 मध्ये एका हौशी माणसाने सुरू केला, 2019 मध्ये लेगो कंपनीने विकत घेतला. तिथे तुकडा क्रमांकाने आणि रंगाने मिळतो. पण परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क दोन्ही धरा. खेळण्यांवरचं आयातशुल्क आपल्याकडे 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. म्हणून सुट्या तुकड्यांची यादी पक्की झाल्याशिवाय मागवू नका, आणि मागवाल तेव्हा सगळं एकदाच. त्याआधी नात्यात विचारा. शिकायला पुण्याला गेलेल्या मुलांचे ठोकळे कित्येक घरांत पडून असतात, आणि ते कोणीतरी वापरतंय याचा त्या घराला आनंदच होतो.

स्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअरही ब्रिकलिंकवर मिळतं. यादी काढायला उत्तम आहे, शिकायला मात्र मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पडद्यावर ठोकळे कधी संपत नाहीत, त्यामुळे तिथे माणूस जुळवून घ्यायला शिकत नाही. माझी पहिली स्वतःची बांधणी गिरणीचं धुराडं होती. वडील गिरणीत होते, भोंग्यावर आमच्या घराचं घड्याळ चालायचं. वडिलांच्या एका जुन्या फोटोवरून माप काढलं. दोन गुणिले दोनच्या गोल ठोकळ्यांची चळत केली. 17 ठोकळे झाले आणि ती डोलायला लागली. पडद्यावर ती सरळच उभी राहिली असती. मग लक्षात आलं की त्या गोल ठोकळ्याच्या मध्यभागी एक भोक असतं आणि त्यातून लेगोच्याच टेक्निक मालिकेतली लांब दांडी आरपार जाते. दोन दांड्या जोडून घातल्या, धुराडं ताठ झालं. पुरेसे लाल नव्हते म्हणून वरचे तीन ठोकळे काळे लावले, तर ते काजळी धरल्यासारखे दिसले. वडिलांनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं आणि कुठून धूर निघायचा ते बोटाने दाखवलं. तेव्हापासून ते त्यांच्या पलंगाजवळच्या फळीवर आहे.

वेळेचं म्हणाल तर रात्री जेवणानंतरची चाळीस मिनिटं पुरतात. मी पंचेचाळिसाव्या मिनिटाला थांबतो, जमत असलं तरी. अर्धवट काम परातीत राहिलं की दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात बसल्या बसल्या त्याचं उत्तर सुचतं. तयार झालेलं मॉडेल उघडं ठेवू नका. आपल्याकडची धूळ आणि मागाच्या परिसरात राहत असाल तर हवेतले कापसाचे तंतू बटणांमध्ये बसतात आणि नंतर निघत नाहीत. काचेचं दार असलेलं कपाट, नाहीतर आठवड्याला रंगकामाचा मऊ ब्रश.

राहता राहिले तुमचे पिवळे पडलेले पांढरे ठोकळे. ते टाकू नका आणि पेरॉक्साइडमध्येही घालू नका. तीन वाट्या घ्या आणि दिवसाच्या उजेडात त्यांचे तीन ढीग करा: जेमतेम पिवळे, मध्यम, आणि गडद. ही छटा दुकानात कुठल्याच क्रमांकावर मिळत नाही, आणि जुन्या भिंतीचा रंग असाच असतो. गडद ठोकळे खाली जोत्याजवळ लावा, जिथे पावसाचं पाणी उडतं. मध्यम ठोकळे मधल्या भिंतीला. जेमतेम पिवळे वर, कमानीच्या डोक्याशी. पहिली खिडकी याच तीन वाट्यांमधून बांधा आणि संध्याकाळच्या उन्हातला तिचा फोटो पाठवा. चौकट किती आत घेतलीत तेही लिहा, म्हणजे मापाचं पुढचं बोलता येईल.